आधी सोय की आधी दंड?

मामांनी उभी हयात नगरपरिषदेच्या आरोग्य खात्यात काढली. निवृत्त झाले ते स्वच्छता निरीक्षक म्हणून. भाची तालुक्याच्या बाजारपेठेत किराणा दुकान चालवते. मामांनी आयुष्यभर दंडाच्या पावत्या फाडल्या, भाचीने आपल्या गल्ल्यातून त्या भरल्या. त्यामुळे लोकांनी निसर्गाला जपून राहावं म्हणून सरकारनं काय करावं, हा विषय या दोघांत निघाला की चर्चासत्रासारखा गुळगुळीत चालत नाही. नात्याचा मान राखून, पण मनात काही न ठेवता दोघं बोलतात.

मामा : तुम्हा दुकानदारांचं मला सगळं ठाऊक आहे. पथक आलं की कॅरीबॅग गायब, पथकाची पाठ वळली की पुन्हा काउंटरखालून बाहेर. आणि वर म्हणायचं, प्लास्टिकबंदी फसली. बंदी फसली नाही बाई, तुम्ही ती फसवलीत.

भाची : काउंटरखाली असते, नाही म्हणत नाही. पण का असते तेही ऐका. संध्याकाळी कामावरून परस्पर येणारं गिऱ्हाईक हात हलवत येतं. अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे, एक साबण. पिशवी नाही म्हटलं तर ते भांडत नाही, ‘बरं’ म्हणून समोरच्या दुकानात जातं. दंड कधीतरी होतो, गिऱ्हाईक रोज जातं. कुठला तोटा मोठा?

मामा : म्हणूनच दंड जबर ठेवला होता. २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली, साठा संपवायला मुदत दिली, २३ जूनपासून अंमल. पहिल्या खेपेला ५,००० रुपये, दुसऱ्या खेपेला १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. ते पहिले दिवस आठव. मंडईत जुन्या साड्यांच्या पिशव्या दिसायला लागल्या होत्या. मटण आणायला लोक डबा घेऊन जात होते. ज्या माणसाला पन्नास वर्षं सांगून कळलं नाही, त्याला एका पावतीनं कळलं.

भाची : कळलं, आणि थोड्याच दिवसांत तो विसरलाही. कारण सरकारच आधी डगमगलं. अंमल सुरू होतोय न होतोय तोच किराणा मालाच्या वेष्टनाला सवलत आली. मग केंद्राचे नियम आले, त्यात १२० मायक्रॉनची पिशवी चालते. राज्याच्या नियमात हँडलची पिशवी कितीही जाड असली तरी बंद. घाऊकवाला मला सांगतो, ‘ताई, एकशेवीसची आहे, बिनधास्त ठेवा.’ पथकातला माणूस ती चिमटीत धरून म्हणतो, ‘पातळ वाटते.’ माझ्याकडे मायक्रॉन मोजायचं यंत्र नाही, त्याच्याकडेही नाही. म्हणजे अख्खा कायदा त्याच्या चिमटीत आला. आणि कायदा चिमटीत आला की पुढं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मामा : टोमणा कळला. पण काही माणसं वाईट निघाली म्हणून कायदा वाईट ठरत नाही. अगं, गटारात हात मी घातलाय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत काय काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, राज्यानं अविघटनशील कचऱ्याचा कायदा केला. आमच्या छोट्या गावातही मे महिन्यात नालेसफाई काढली की काय निघायचं माहीत आहे? दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. नखाएवढे. पोत्यानं निघायचे.

भाची : कोपरे?

मामा : कोपरे. पिशवी बाई धुऊन ठेवते, भंगारवाला घेऊन जातो, कारण तिला भाव आहे. पण कात्रीनं उडवलेला कोपरा ओट्यावरून मोरीत आणि मोरीतून गटारात. तो कोणी वेचत नाही. कोपरा अर्धवट कापून पिशवीलाच राहू द्या, एवढंच सांगायचं होतं. शाळाशाळांतून सांगितलं. फलक लावले. ऐकलं किती जणांनी? म्हणून म्हणतो, सांगून होत नाही.

भाची : आता तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आलात. २०१८ च्या त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे ठेवायचे होते. रिकामी पिशवी आणून दिली की ५० पैसे परत. चांगली कल्पना होती. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराला महिन्याला तीस रुपये. त्या तीस रुपयांसाठी बायकांनी कोपरासुद्धा जपला असता. पण त्यासाठी डेअऱ्यांनी पिशव्या परत घ्यायची व्यवस्था उभी करायची होती. ती काही गावोगाव उभी राहिली नाही. कोणाला पावती फाडली तुम्ही त्याबद्दल?

मामा : ते आमच्या अधिकारात नव्हतं.

भाची : तेच तर! तुमच्या अधिकारात हातगाडीवरची भाजीवाली होती. ती सापडायला सोपी. पिशवी बनवणारा सापडायला अवघड, दूध भरणारा त्याहून अवघड. मग दंडाची सुरुवात शेवटच्या माणसापासून होते आणि पहिल्यापर्यंत कधी पोचतच नाही. परवा एकजण त्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या विकायला आला. म्हणे, पर्यावरणपूरक. मी त्याच्यासमोर एकीला काडी लावली. कापड असतं तर राख झाली असती. ही आक्रसली आणि तिचा वितळलेला थेंब पडला. पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लास्टिकच. बचत गटाच्या बायका शिवतात ती खरी कापडी पिशवी हिच्यापुढं महाग पडते, म्हणून त्यांच्याकडं तयार माल पडून राहतो. सरकारनं बचत गटांना शिवायला सांगितलं, पण विकत घेणार कोण ते नाही पाहिलं.

मामा : मग तुझं म्हणणं काय? बंदीच नको?

भाची : बंदी नको म्हणत नाही मी. आधी सोय, मग भाव, मग दंड, असा क्रम हवा. घरात बघा ना, पिवळे बल्ब कुठं गेले? कोणी बंदी घातली? जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली. सरकारी कंपनीनं एलईडी बल्ब घाऊक घ्यायला सुरुवात केली. २०१४ मध्ये खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. लाइट बिल दाखवायचं आणि बल्ब घ्यायचे. लोक रांगा लावून उभे होते. त्या योजनेतून देशात ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. एकाही माणसाला पृथ्वी वाचवा म्हणून सांगावं लागलं नाही.

मामा : कारण त्यांनी पृथ्वी वाचवली नाही, बिल वाचवलं.

भाची : वाचवू दे की! माणसाच्या मनात काय आहे ते सरकारनं कशाला तपासायचं?

मामा : तपासावं लागतं, कारण पैसे वाचवणारा माणूस वाचलेल्या पैशांचं काय करतो ते पाहा. बल्बचं बिल कमी झालं, त्यानं एसी घेतला. आणि अठरावर लावून वर गोधडी पांघरून झोपतो!

भाची : त्यालाही उपाय निघालाच ना. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू केला की तो आपोआप २४ अंशांवर सुरू होईल, असा नियम कंपन्यांना घालून दिला. ज्याला अठरा हवं त्यानं करावं, कोणी हात धरलेला नाही. पण बरेचजण रिमोटला हातच लावत नाहीत. दंड नाही, पथक नाही, पावती नाही. नियम घातला तो मोजक्या कंपन्यांना, घराघरात कोणाला जावं लागलं नाही. सरकारनं असं हुशारीनं वागावं.

मामा : ही गोष्ट मला आवडली. पण तू नुसत्या वस्तूंबद्दल बोलतेस. बल्ब बदलला, एसीचा आकडा बदलला. माणसाची सवय कुठं बदलली? खरी सवय म्हणजे मोटारसायकल सोडून बसमध्ये बसणं. तिथं तुझी सोय काय करते?

भाची : १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या गल्लीतल्या किती बायका आता माहेरी, दवाखान्यात, बाजाराला एसटीनं जातात. आधी वडाप नाहीतर नवऱ्याची गाडी.

मामा : ते मतांसाठी केलं, पर्यावरणासाठी नाही. आणि परिणाम बघ. तिकीट अर्धं झालं, गर्दी दुप्पट झाल्यासारखी वाटते, पण गाड्या? त्याच खिळखिळ्या. ज्याच्याकडं मोटारसायकल आहे तो ही गर्दी बघून म्हणतो, नको रे बाबा. म्हणजे भाव कमी करूनही पुरत नाही. गाडी वेळेवर यायला लागते, तिच्यात बसायला जागा लागते.

भाची : हे बरोबर आहे. स्वस्त म्हणजे सोय नव्हे.

मामा : आणि सोयीचा फायदा कोणाला मिळतो तेही पाहा. घरावर सौर पॅनेल बसवा, पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. छान आहे. पण ज्याचं स्वतःचं छप्पर आहे त्यालाच ना? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं कुठं लावायचं पॅनेल? तुझ्या सोयी अशा ऐपतवाल्याच्या पदरात जाऊन पडतात. दंड निदान सगळ्यांना सारखा.

भाची : सारखा? ५,००० रुपये मॉलवाल्याला आणि कोथिंबीर विकणाऱ्या म्हातारीला सारखे?

मामा : (थोडं थांबून) नाही. म्हातारीची पावती फाडायला माझाही हात जड व्हायचा. मी तिला दम देऊन सोडायचो. पण मग मुकादम म्हणायचा, साहेब, एकीला सोडलंत की उद्या सगळ्या रडतील. तिथंच कायदा पातळ होतो.

भाची : मग दंडाऐवजी पिशवीलाच किंमत लावा. मोठ्या रकमेची गरजच नाही.

मामा : आयर्लंडनं तेच केलं २००२ मध्ये. दुकानातल्या पिशवीवर १५ सेंटचा कर. पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. पण तिथली मेख समजून घे. तो कर दुकानदारानं आपल्या नफ्यातून भरायचा नव्हता. गिऱ्हाइकाच्या बिलावर तो वेगळा दिसला पाहिजे, असा नियम होता. तुझ्यासारखीनं ‘जाऊ द्या हो, आमच्याकडून’ म्हणायची सोयच ठेवली नाही. आपल्याकडंही २०११ च्या नियमांत पिशवी फुकट देऊ नये असं लिहिलं होतं. मॉलवाल्यांनी पैसे घेतले, तुम्ही घेतले नाहीत.

भाची : कारण समोरच्यानं घेतले नाहीत. सगळ्यांना एकदम लागू झालं असतं तर मी आनंदानं घेतले असते. पिशवीला लागणारा पैसा माझ्याच खिशातून जातो, मामा. पिशव्या बंद झाल्या तर सगळ्यात जास्त सुखी मी होईन. पण एकटीनं बंद केलं तर दुकान बंद होईल.

मामा : म्हणजे कायदा हवाच. सगळ्यांना एकदम बांधणारा. तूच बोललीस हं हे.

भाची : बोलले. पण असा कायदा केला कोणी, तेही महत्त्वाचं. हिवरे बाजारला जाऊन आले मी. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हाचं ते गाव आणि आताचं गाव यांत जमीन-अस्मानाचा फरक. पाऊस किती पडला, पाणी किती मुरलं, पिण्याला किती ठेवायचं, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवतात. उसासारखं पाणीखाऊ पीक नाही. शेतीसाठी बोअर मारायची नाही. दुसऱ्या गावात तहसीलदारानं असा हुकूम काढला असता तर रात्रीतून बोअरची गाडी येऊन गेली असती. इथं शेजाऱ्याच्या नजरेसमोर कोण मारणार?

मामा : एक हिवरे बाजार सगळे सांगतात. दुसरं गाव सांगायला वेळ लागतो. राज्यात हजारो ग्रामपंचायती आहेत, सगळीकडं पोपटराव कुठून आणायचे? सरकारला तर सगळीकडं पोचायचं असतं. आर. आर. आबा पाटील ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं, ते मी जवळून पाहिलं. नुसती स्पर्धा आणि बक्षीस. गावं झपाटल्यासारखी कामाला लागली. भिंती रंगल्या, गटारं झाली, घराघरात संडास झाले.

भाची : आणि निम्म्या संडासांत गोवऱ्या भरल्या गेल्या.

मामा : काही ठिकाणी भरल्या. कारण पाणी नव्हतं. आणि मग गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला गुलाबाचं फूल द्यायचं, लाजवायचं.

भाची : माणसाला लाजवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. ज्याच्या घरी पाण्याचा थेंब नाही त्याला फूल देऊन काय? नळ द्या.

मामा : पण लाज ही फार मोठी शक्ती आहे, हे विसरू नकोस. बिडी-सिगारेटचं आठव. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. त्याआधी एसटीत माणसं सर्रास बिडी ओढायची. सरकारनं ओढणाऱ्याला काय सोय दिली? काही नाही. दंड दोनशे रुपये, तोही क्वचित कोणाला झाला असेल. पण आज एसटीत कोणी बिडी पेटवून दाखवू दे. कंडक्टरच्या आधी शेजारची बाई ओरडेल. कायद्यानं त्या बाईला बोलायचं बळ दिलं. तुझ्या आधी-सोय-मग-दंडाच्या हिशेबात हे कुठं बसतं?

भाची : नाही बसत. हे मला खोडता येत नाही. फक्त एवढंच म्हणेन की तिथं धूर तिच्या नाकात जात होता. माझ्या पिशवीचा त्रास कोणाच्या नाकात जातो? गटार तुंबतं ते पावसाळ्यात, आणि भलत्याच्या दारात. त्यामुळं ओरडणारं कोणी नसतं.

मामा : मग ओरडणारं माणूस नेमावं लागेल.

भाची : पुण्यात तसं झालं की. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. सुका कचरा विकून आलेला पैसा त्या कचरावेचकांचा. म्हणजे ओल्यात सुकं मिसळलं तर नुकसान थेट त्या बाईचं होतं. मग ती दारातच म्हणते, ‘ताई, वेगळं करून द्या.’ पथकाच्या शंभर फलकांपेक्षा हे एक वाक्य भारी. कारण ती रोज येते आणि तिचं पोट त्यावर आहे.

मामा : आणि आपल्याकडं?

भाची : आपल्याकडं मी दोन बादल्या ठेवते, हिरवी आणि निळी. घंटागाडी येते, गाणं वाजवते. माणूस दोन्ही बादल्या एकाच ढिगात रिकाम्या करतो. माझा मुलगा शाळेत ओला-सुका शिकून आलेला. त्यानं विचारलं, ‘मग आपण वेगळं कशाला करतो?’ काय सांगू त्याला? मामा, एका पावतीनं माणसाला कळतं म्हणता ना, तसं या एका गाडीनं त्याला कळलं की मोठी माणसं हे सगळं मनावर घेत नाहीत.

मामा : गाडीत कप्पे करायचा खर्च फार नसतो. आम्ही मागितले होते. ठेका कमी दराचा निघाला, कप्पे गेले.

भाची : आणि वेगळा कचरा न देणाऱ्याला दंडाचा ठराव मात्र झाला असेल.

मामा : झाला होता.

भाची : बघा! आणि हे फक्त कचऱ्याचं नाही. सरकार मला सांगतं, नळ बंद करा, पाणी वाचवा. आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत. मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे, बिलाखाली दबलेला बाप पाहिलाय. मदत नको असं नाही म्हणणार. पण मदत एकरी पैशात द्या, ठिबकला द्या. पंप चालू ठेवण्यालाच मदत दिली तर विहीर आटेपर्यंत तो बंद कोण करणार? एका खात्यानं वाचवा म्हणायचं, दुसऱ्यानं उपसायला पैसे द्यायचे. नागरिक बरोबर ओळखतो कुठलं खातं खरं बोलतंय.

मामा : त्या बाबतीत तुझ्याशी वाद नाही. पण माझं एक ऐक. सरकार सगळी सोय करेपर्यंत मी थांबतो, असं प्रत्येकानं म्हटलं तर सोय कधीच होत नाही. मागणी असेल तरच कप्पे होतात. वॉर्डातल्या दोनशे घरांनी वेगळा कचरा द्यायला सुरुवात केली असती, तर ठेकेदाराला कप्पे काढायची हिंमत झाली नसती. तू दोन बादल्या ठेवतेस म्हणून तुला भांडायचा हक्क आहे. तुझ्या शेजारणीला तो नाही.

दोघांचं इथंच थांबलं, एकमत झालं नाही. वाचकांनी माझं मत विचारलं तर सांगतो. दंड चुकीचा नाही, तो चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. कारखानदाराला आणि मोठ्या विक्रेत्याला आधी, मग स्वतःच्या घंटागाडीला, मग दुकानदाराला आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाइकाला, असा उतरत्या क्रमानं नियम आला तर तो लोकांना न्याय्य वाटतो. आणि न्याय्य वाटलेला नियम पाळून घ्यायला पथकं कमी लागतात. बल्ब स्वस्त झाला, एसीचा आकडा कंपनीत ठरला, गावानं पाण्याचा हिशेब स्वतः मांडला. या तिन्ही ठिकाणी सरकारनं किंवा ग्रामसभेनं आपल्या वाटचं काम आधी केलं होतं. जिथं ते केलं नाही, तिथं संडासात गोवऱ्या गेल्या आणि कॅरीबॅग काउंटरखाली.

मामांचं म्हणणंही मी सोडणार नाही, कारण ते आपल्याला लागू आहे. पुढच्या वेळी मतं मागायला उमेदवार दारात आला, की रस्ता आणि नळ यांच्याबरोबर एवढं विचारा : आमचा ओला आणि सुका कचरा वेगळा नेणार का, आणि नेल्यावर तो कुठं जातो? उत्तर मिळेपर्यंत घरातल्या दोन बादल्यांची एक मात्र करू नका.